कोणता मेजर घ्यावा?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: "कोणता विषय घेतला म्हणजे नोकरी लागेल?" मुले विचारतात, आईवडील विचारतात, शेजारीपाजारी न विचारताच उत्तर देतात. या प्रकरणात आपण हा प्रश्न नीट सोडवून पाहू. त्यासाठी पुण्या-मुंबईऐवजी बिजौलीला जाऊ.

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिजौली हे गाव आहे. गावाला लागून सरकारी औद्योगिक क्षेत्र आहे, आजूबाजूला बुंदेलखंडातली खडकाळ, कमी पाण्याची शेती आहे, आणि जवळच झाशीसारखे मोठे रेल्वे जंक्शन आहे. झाशीत नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून मराठी घरे नांदत आली आहेत, त्यामुळे हा मुलूख आपल्याला परका नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांची स्थितीही अशीच असते: थोडी शेती, थोडे कारखाने, तासाभराच्या अंतरावर विद्यापीठ. म्हणून बिजौलीतल्या मुलीला लागू पडेल ते माजलगावच्या किंवा सावंतवाडीच्या मुलालाही बरेचसे लागू पडेल.

1. आधी प्रश्न वेगळा करू

"कोणता विषय घेतला म्हणजे नोकरी लागेल?" या एका वाक्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. कोणती नोकरी? कधी लागेल? आणि ती विषयामुळे लागेल की दुसऱ्या कशामुळे?

यातला "कधी" हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालात 2021-22 ची आकडेवारी आहे. तिच्यानुसार 25 वर्षांखालील पदवीधरांमध्ये बेरोजगारी सुमारे 42 टक्के होती, तर 35 वर्षांवरील पदवीधरांमध्ये 5 टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आज ना उद्या काम बहुतेकांना मिळते. मधली काही वर्षे मात्र वाट पाहण्यात जातात, आणि शेवटी मिळालेले काम शिक्षणाला साजेसे असेलच असे नाही. विषय निवडताना जपायची ती हीच मधली वर्षे. त्यांना धरूनच पुढचे चार प्रश्न विचारायचे आहेत. त्याआधी मेजर म्हणजे नेमके किती शिक्षण, ते समजून घेऊ.

2. मेजर, मायनर आणि क्रेडिट

पूर्वी बीए किंवा बीएस्सीला "स्पेशल" विषय असे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नंतर त्याच्या जागी मेजर आला. उत्तर प्रदेशातल्या राज्य विद्यापीठांत ही रचना 2021-22 पासून, तर महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली.

या रचनेत अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. वर्गात साधारण 15 तास शिकवले की एक क्रेडिट होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160. हे सगळे क्रेडिट मेजरचे नसतात. साधारण निम्मे मेजरचे असतात. उरलेल्यात मायनर म्हणजे दुसरा विषय, भाषा, कौशल्याचे पेपर आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव येतो. महाराष्ट्रातली मुले या शेवटच्या भागाला ओजेटी म्हणतात.

म्हणजे मेजर हा तुमच्या पदवीचा निम्मा भाग आहे. राहिलेला निम्मा कसा भरायचा, हाही निर्णय तुमचाच असतो. अनेक मुले मेजरसाठी महिनाभर डोके शिणवतात आणि मायनर मात्र मैत्रिणीने घेतला म्हणून घेतात. तसे करू नका. मायनरचे महत्त्व सहाव्या भागात पाहू.

3. पहिला प्रश्न: हे काम विषयाशी बांधलेले आहे का?

विषयाशी असलेल्या नात्यावरून कामांचे तीन गट पडतात.

पहिला गट परवान्याच्या कामांचा. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, वास्तुविशारद, वकील ही कामे ठरावीक पदवी किंवा पदविका आणि नोंदणी असल्याशिवाय करता येत नाहीत. यातली बहुतेक वाट बारावीलाच ठरते. वकिली मात्र नंतरही करता येते, कारण कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे.

दुसरा गट विषयाशी बांधलेल्या कामांचा. भारतीय वन सेवेची परीक्षा द्यायची तर पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय हवा. नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. भारतीय सांख्यिकी सेवेला संख्याशास्त्र लागते, आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. सरकारी बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या पदाला शेती किंवा तत्सम शाखेची चार वर्षांची पदवी लागते. माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे तर पदवीला गणित असावे लागते.

तिसरा गट कोणत्याही पदवीवर मिळणाऱ्या कामांचा, आणि हाच गट सर्वांत मोठा आहे. नागरी सेवा परीक्षा, बँकेतले प्रोबेशनरी अधिकारी, राज्य लोकसेवा आयोगाची अनेक पदे, एमबीए, पत्रकारिता, विक्री, प्रशासन, स्वयंसेवी संस्था. इथे पदवी हवी, विषय कोणताही चालतो.

या तिसऱ्या गटाचे ठळक उदाहरण आपल्याच मातीतले आहे. चिंतामणराव देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले. 1917 साली वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक त्यांनी मिळवले. पुढच्या वर्षी ते आयसीएस परीक्षेत पहिले आले, आणि 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नंतर ते देशाचे अर्थमंत्री आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही झाले. दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डला शिकले आणि आयुष्यभर गणितात काम करत राहिले, पण 1956 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलली. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि मानवशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झाल्या.

या तिघांची उदाहरणे देऊन "विषयाने काही फरक पडत नाही" असे म्हणणे चूक ठरेल. तिघांची बुद्धी असामान्य होती, आणि तिघांनीही पहिला विषय मुळापासून शिकून घेतला होता. एक विषय खोलवर शिकलेल्या माणसाला दुसरा शिकायची रीत कळते. वनस्पतिशास्त्रात निरीक्षण आणि वर्गीकरण करायला शिकलेली बुद्धी फायलींवरही तशीच शिस्तीने चालते.

म्हणून पहिली पायरी अशी: मनात असलेली चार-पाच कामे कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर 1, 2 किंवा 3 हा गट मांडा. गट 1 किंवा 2 मधले काम खरोखर हवे असेल, तर त्याची अट तुमचा मेजर ठरवील. सगळी कामे गट 3 मधली असतील, तर ज्या विषयात तुम्ही सर्वांत चांगले आणि सर्वांत खोल शिकाल तोच घ्या.

4. दुसरा प्रश्न: आजचा भाव चार वर्षांनी राहील का?

कांद्याला एका वर्षी सोन्याचा भाव आला की पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात. सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग लोक कांदा सोडतात, माल कमी होतो आणि भाव पुन्हा चढतो. लावणी आजच्या भावावर होते आणि विक्री उद्याच्या भावाने, हे यातले मूळ दुखणे. मॉर्डेकाय इझिकिएल या अर्थतज्ज्ञाने 1938 साली या चक्राची सविस्तर मांडणी केली. रिचर्ड फ्रीमन यांनी 1970 च्या दशकात दाखवले की अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या बाबतीतही हेच घडते. पगार वाढले की मुले अभियांत्रिकीकडे धावतात, आणि चार वर्षांनी ती सगळी एकदम बाहेर पडली की सुरुवातीचे पगार घसरतात.

महाराष्ट्राने हे डी.एड.च्या वेळी सोसले आहे. शिक्षकांच्या जागा निघत होत्या तेव्हा गावोगाव डी.एड. महाविद्यालये उभी राहिली. 2012 नंतर भरती जवळजवळ थांबली आणि हजारो मुले पदविका हातात घेऊन वर्षानुवर्षे वाट पाहत बसली. महाविद्यालये ओस पडली, अनेक बंद झाली. अभियांत्रिकीतही असेच झाले. देशातल्या बी.टेक.च्या जागा 2014-15 मध्ये सुमारे 17 लाख होत्या. रिकाम्या राहू लागल्यावर त्या 2021-22 पर्यंत सुमारे साडेबारा लाखांवर आल्या. त्यानंतर संगणकाच्या शाखांमुळे त्या पुन्हा वाढू लागल्या.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, "सध्या याला फार मागणी आहे" हे वाक्य ऐकले की लगेच विचारा: याच वर्षी या शाखेला किती जागा वाढल्या? मागणीपेक्षा जागा वेगाने वाढत असतील तर चार वर्षांनी गर्दी होणार. दुसरी, सगळी भिस्त एकाच खरेदीदारावर असलेला अभ्यासक्रम जोखमीचा असतो. डी.एड.चा मुख्य खरेदीदार सरकार होते; त्याने हात आखडता घेतला तसा अभ्यासक्रमच बुडाला. तोच विषय पाच प्रकारच्या ठिकाणी चालत असेल, तर एक दार बंद झाल्याने मूल अडत नाही.

5. तिसरा प्रश्न: माझ्या आवाक्यात काम कुठे आहे?

"पंचक्रोशीत काय आहे?" हे पाहणे म्हणजे गावातच राहणे नव्हे. पहिला अनुभव, पहिली ओजेटी, पहिली ओळख बहुधा जवळच मिळते, आणि त्यावर पुढची दूरची नोकरी मिळते.

बिजौलीच्या आसपास पाहू. भेल या सरकारी कंपनीचा झाशीचा कारखाना याच बाजूला आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे इंजिने बनतात. कारखाना म्हटला की आपल्याला फक्त विद्युत आणि यांत्रिक अभियंते आठवतात. पण ट्रान्सफॉर्मरमधले तेल तपासायला रसायनशास्त्र लागते, मालाची गुणवत्ता मोजायला संख्याशास्त्र, खरेदी आणि हिशेबाला वाणिज्य, कामगारांच्या प्रश्नांना समाजशास्त्र आणि कायदा. पदविका आणि आयटीआय झालेली मुले तर यंत्रापाशीच असतात. अशा मोठ्या आस्थापनांत 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस घेतले जातात.

झाशी उत्तर-मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे आणि तिथे रेल्वेचा जुना वॅगन कारखाना आहे. उत्तर प्रदेशच्या संरक्षण कॉरिडॉरच्या सहा केंद्रांपैकी झाशी एक आहे. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे भारत डायनॅमिक्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली. टँकविरोधी क्षेपणास्त्रांची प्रणोदन यंत्रणा तिथे बनवायची आहे. लक्षात ठेवा, पायाभरणी म्हणजे भरती नव्हे. घोषणेवर विषय निवडू नका. चालू कारखान्याची भरती पाहून निवडा.

शेतीची बाजू इथे त्याहून भरीव आहे. भारतीय गवताळ प्रदेश आणि चारा संशोधन संस्था झाशीत 1962 पासून आहे. कृषिवानिकीची केंद्रीय संस्थाही इथेच आहे. राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ 2014 च्या कायद्याने स्थापन झाले. या संस्था इथे असण्याला कारण आहे. बुंदेलखंडात पाणी कमी, चारा अपुरा, आणि "अन्ना प्रथे"नुसार मोकाट सोडून दिलेली, दूध आटलेली जनावरे शेतकऱ्याचे उभे पीक खातात. चारा, पाणी, झाड आणि जनावर यांचे गणित सोडवणाऱ्या माणसाला इथे काम आहे आणि ते काम बराच काळ संपणारे नाही.

याशिवाय बुंदेलखंड विद्यापीठ 1975 पासून, अभियांत्रिकीची बीआयईटी 1986 पासून आणि महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय 1968 पासून झाशीत आहे. आता तुम्ही आपल्या तालुक्याची अशीच यादी करा: एमआयडीसीतले कारखाने, साखर कारखाना, कृषी विज्ञान केंद्र, जिल्हा रुग्णालय, बँका, शाळा. प्रत्येकासमोर तिथे कोणकोणत्या विषयांची माणसे काम करतात ते लिहा. जो विषय यादीत तीन-चार ठिकाणी दिसतो, त्याचा पाया पक्का समजा.

6. मायनरने मेजरला जोड द्या

चौथ्या प्रश्नाआधी मायनरचा विचार करू. हार्वर्डचे डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी 2020 साली अमेरिकेतल्या पदवीधरांचा अभ्यास मांडला. संगणक आणि अभियांत्रिकीसारख्या उपयोजित विषयांना सुरुवातीला पगार चांगला मिळतो, पण त्यांचा वरचढपणा पुढच्या वर्षांत कमी होत जातो. कारण त्या क्षेत्रातली कौशल्ये लवकर जुनी होतात आणि नवी मुले नवी कौशल्ये घेऊन येतात. याचा अर्थ असे विषय वाईट असा नाही. त्यांत शिकणे कधी थांबवता येत नाही, एवढा आहे.

मायनर निवडताना हे उपयोगी पडते. मेजर लवकर जुना होणारा असेल तर मायनर टिकाऊ घ्या: संगणकाला गणित किंवा संख्याशास्त्र. मेजर टिकाऊ पण लगेच काम न देणारा असेल तर मायनर हाताला काम देणारा घ्या: वनस्पतिशास्त्राला संख्याशास्त्र, भूगोलाला संगणकीय नकाशाशास्त्र, इतिहासाला पर्यटन किंवा संग्रहालयशास्त्र, भाषेला अनुवाद किंवा पत्रकारिता. महाविद्यालयात सोय नसेल तर केंद्र सरकारच्या स्वयम मंचावर अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात.

7. चौथा प्रश्न: खर्च झेपेल का?

समजा, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात वर्षाची फी 1,00,000 रुपये आणि वसतिगृह-जेवण 60,000 रुपये. चार वर्षांचे 6,40,000 रुपये झाले. हे सगळे 10 टक्के व्याजाने कर्ज काढून केले आणि सात वर्षांत फेडायचे ठरले, तर शिकतानाचे व्याज सोडूनही महिन्याचा हप्ता सुमारे 10,600 रुपये येतो. पहिला पगार 40,000 असेल तर पगाराचा साधारण चौथा हिस्सा हप्त्यात जातो, ते झेपेल. पहिला पगार 18,000 असेल तर निम्म्याहून अधिक जातो. ते घराला बुडवील.

आता दुसरी बाजू. घरून जाऊन-येऊन तीन वर्षांची बीएस्सी, समजा फी वर्षाला 15,000 आणि प्रवास 10,000. एकूण 75,000 रुपये. दोन्हींतला फरक 5,65,000 रुपयांचा आहे. या फरकाच्या बदल्यात नेमके काय जास्त मिळणार, हे महाविद्यालयाला विचारा. "आमच्याकडे सर्वांत मोठा पगार किती मिळाला" हा आकडा ऐकू नका. "गेल्या वर्षी या शाखेत किती मुले होती, त्यांतल्या किती जणांना काम मिळाले आणि मधल्या मुलाचा पगार किती" हे विचारा. मधला मुलगा म्हणजे पगारांच्या उतरत्या यादीत बरोबर मध्यभागी असलेला. निम्म्या मुलांचा पगार त्याच्याहून जास्त नसतो. उत्तर मिळाले नाही तर तेही उत्तरच समजा.

8. एक उदाहरण सोडवू

बिजौलीतल्या एका मराठी कुटुंबातली मुलगी कल्पून पाहू. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र. नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली, पण सरकारी महाविद्यालयाइतके गुण नाहीत. खासगी वैद्यकीय शिक्षण घराला परवडणारे नाही. तिच्यापुढे चार वाटा आहेत: पुन्हा एक वर्ष नीटची तयारी, बी.एस्सी. नर्सिंग, बी.एस्सी. कृषी, किंवा बुंदेलखंड विद्यापीठात वनस्पतिशास्त्र मेजर.

पहिला प्रश्न तिने असा सोडवावा. नर्सिंग गट 1 मधले, परवान्याचे काम आहे. रुग्णसेवेची ओढ असेल तर ही वाट सरळ आहे. वनस्पतिशास्त्र आणि कृषी दोन्हींवर वन सेवेची आणि नागरी सेवेची परीक्षा देता येते. पण बँकेतला कृषी क्षेत्र अधिकारी आणि राज्य कृषी विभागातली पदे कृषीच्या पदवीला मिळतात, वनस्पतिशास्त्राला नाहीत. म्हणजे कृषीला संधी जास्त.

दुसरा प्रश्न: कृषी पदवीचे खरेदीदार कोण? बँका, राज्य सरकार, बियाणे आणि खत कंपन्या, संशोधन संस्था, स्वतःची शेती. भिस्त एकावर नाही. तिसरा प्रश्न: विद्यापीठ आणि दोन संशोधन संस्था झाशीतच आहेत, म्हणून अनुभव जवळ मिळेल. चौथा प्रश्न: केंद्रीय विद्यापीठाचा खर्च खासगी संस्थेपेक्षा पुष्कळ कमी असतो, पण प्रवेशासाठी सीयूईटी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. म्हणून बारावीच्या वर्षीच नीटबरोबर सीयूईटीचाही अर्ज भरायला हवा. ही तारीख चुकली तर सगळा हिशेब पुढच्या वर्षावर जातो.

नीट पुन्हा द्यायची का, याचे उत्तर गुणांच्या फरकात आहे. मागच्या वर्षीचा तिच्या प्रवर्गाचा शेवटचा आकडा आणि तिचे गुण यांत थोडेच अंतर असेल तर एक वर्ष द्यायला हरकत नाही. अंतर मोठे असेल तर ते वर्ष पदवीला द्यावे.

म्हणून तिचा क्रम असा लागतो: कृषी, मग नर्सिंग, मग वनस्पतिशास्त्राबरोबर संख्याशास्त्र मायनर. तिला शेतात उभे राहायला मुळीच आवडत नसेल, तर मात्र हा क्रम बदलतो. आवड पारखायला एक साधी रीत आहे. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका मिळवा, दोन प्रकरणे वाचा, आणि दुसऱ्या वर्षातल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. वाचताना पुढचे पान उलटावेसे वाटले तर विषय तुमचा.

9. निर्णय

मेजर निवडताना हेच चार प्रश्न विचारायचे: काम विषयाशी बांधलेले आहे का, उद्या गर्दी होईल का, अनुभव जवळ मिळेल का, आणि खर्च झेपेल का. चारही उत्तरे ठीक असलेले दोन-तीन विषय उरले, की त्यांतला आवडीचा घ्यावा. आवड शेवटी तपासायची, पण ती सोडायची नाही. तीन-चार वर्षे रोज ज्या पुस्तकापाशी बसायचे ते नावडते असेल तर विषय खोलवर शिकता येत नाही, आणि वरवर शिकलेल्या विषयाला कुठेच किंमत नसते.

आईवडिलांना कळकळीचे सांगणे आहे. शेजारच्या मुलाचा पगार पाहून आपल्या मुलीचा विषय ठरवू नका. तिच्याबरोबर बसून कागदावर हे चार प्रश्न सोडवा, कर्जाचा हप्ता स्वतः मोजा, आणि शेवटची निवड तिला करू द्या. अभ्यास तिला करायचा आहे.